सुई सुटली, सूर राहिला

जॉन कोल्ट्रेन हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलेलं नाही. जॅझचे थोडे शौकीन सोडले, तर बाकीच्यांना सॅक्सोफोन म्हटल्यावर आठवतात ती जुन्या हिंदी चित्रपटांतली क्लबची गाणी. त्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक असत. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ला गोव्याच्या चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटची साथ होती, आणि त्या गाण्यांवर आपल्या घरातल्या तीन पिढ्यांनी ठेका धरला आहे. त्या उसळत्या सुरांचं मूळ गाव मात्र दूर, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत. कोल्ट्रेन त्या गावचा माणूस.

१९६७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. जाण्याआधीच्या दहा वर्षांत त्यानं जे वाजवलं, त्यावर आजही जगभरचे वादक पोसले जातात. पण आज मी त्याच्याविषयी लिहायला बसलो, ते त्या दहा वर्षांच्या उंबरठ्यावर घडलेल्या एका गोष्टीमुळे. १९५७ साली कोल्ट्रेननं हेरॉइन सोडलं. दारूही सोडली.

संगीतानं माणूस व्यसनातून बाहेर येतो, असं आपण सहज बोलून जातो. ज्या घरात मुलगा गर्दच्या किंवा दारूच्या नादी लागलेला असतो, त्या घरातले लोक अशा वाक्यांना घट्ट धरून बसतात. याला तबल्याच्या क्लासला घालू का, गिटार घेऊन देऊ का, असं विचारणारे आईवडील मी पाहिले आहेत. प्रश्न अगदी खरा असतो आणि विचारताना आवाज कापत असतो. कोल्ट्रेनच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर आहे, असं मला वाटतं. मात्र ते सरळसोट नाही.

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅम्लेट या गावचा. लहानपण गेलं ते जवळच्याच हाय पॉइंटमध्ये. आजोबा चर्चमध्ये धर्मोपदेशक. वडील शिंपीकाम करत आणि हौसेनं वाद्यं वाजवत. म्हणजे घरात देव होता आणि सूरही होता. जॉन बारा वर्षांचा असताना या घरावर घाला पडला. आजोबा आणि वडील थोड्याच काळाच्या अंतरानं गेले. सुखवस्तू नसलं तरी बरं चाललेलं घर एकदम उघडं पडलं. त्याच सुमाराला पोरानं वाद्य हातात घेतलं. आधी गावातल्या बँडमध्ये, मग शाळेच्या बँडमध्ये तो वाजवू लागला. ज्यांनी लहानपणी बाप गमावला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको की अशा वेळी हातात काहीतरी धरायला लागतं. या मुलानं सॅक्सोफोन धरला.

१९४३ साली तो फिलाडेल्फियाला आला. आई कष्ट करून घर चालवत होती. तिथं त्यानं रीतसर संगीतशिक्षण घेतलं. महायुद्धाच्या शेवटी वर्षभर नौदलात गेला, तिथंही बँडमध्ये वाजवलं. नौदलात जाण्याआधी, १९४५ च्या जून महिन्यात, त्यानं चार्ली पार्करला पहिल्यांदा ऐकलं. पार्कर म्हणजे त्या काळचा सॅक्सोफोनचा बादशहा. आपल्याकडे एखाद्या होतकरू गायकानं पहिल्यांदा कुमार गंधर्वांना समोर बसून ऐकावं आणि घरी परतताना तो पूर्वीचा राहिलेला नसावा, तसं कोल्ट्रेनचं झालं.

पण पार्करच्या सुरांबरोबर पार्करची आणखी एक गोष्ट त्या पिढीनं उचलली. पार्कर हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. युद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या काळ्या वस्त्यांत हेरॉइनचा सुळसुळाट झाला. रात्री उशिरापर्यंत चालणारे क्लब, तुटपुंजे पैसे, आज या गावी तर उद्या त्या गावी अशी भटकंती, आणि गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवायचं पण मुक्काम करायचा नाही असा अपमान. या सगळ्यात सुई सहज हाताशी यायची. शिवाय कित्येक तरुणांची अशी समजूत झाली होती की पार्कर असा वाजवतो, तो त्या सुईमुळेच. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस कोल्ट्रेनही त्यात ओढला गेला. पार्कर स्वतः १९५५ च्या मार्चमध्ये गेला. वय होतं चौतीस, पण प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरला ते देह पन्नाशी उलटलेल्या माणसाचं वाटलं.

इथं थोडं थांबायला हवं. कारण या गोष्टीतली पहिली अडचण इथंच आहे. कोल्ट्रेनला व्यसनाच्या दारात नेऊन सोडलं ते संगीताच्याच जगानं. मैफलीही तिथल्या, मित्रही तिथले, आदर्शही तिथलाच. मग ज्या वाटेनं माणूस खड्ड्यात गेला, तीच वाट त्याला वर कशी आणणार?

पुढची काही वर्षं घसरगुंडीचीच होती. डिझी गिलेस्पीसारख्या थोर माणसाच्या बँडमध्ये जागा मिळाली आणि गेली. पोटासाठी दारूच्या गुत्त्यांत वाजवावं लागलं. बारच्या लांबलचक टेबलावर चढून, गिऱ्हाइकांच्या ग्लासांमधून चालत सॅक्सोफोन वाजवायचा, असा तो प्रकार असे. १९५४ मध्ये जॉनी हॉजेसच्या बँडमधून त्याला काढलं ते व्यसनापायीच. १९५५ हे साल जरा उजाडल्यासारखं आलं. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकानं आपल्या नव्या पंचकडीत त्याला बोलावलं, आणि त्याच वर्षी त्याचं नाईमाशी लग्न झालं. नाईमाला आधीची एक लहान मुलगी होती. तिच्यासकट संसार सुरू झाला.

माइल्स स्वतः हेरॉइनच्या विळख्यातून गेलेला. आपल्या वडिलांच्या शेतावर, एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन त्यानं ते सोडलं होतं. म्हणजे समोरच्या माणसाला काय होतंय हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तरीही, किंवा म्हणूनच असेल, त्याची सहनशक्ती संपली. कोल्ट्रेन स्टेजवर डुलक्या घ्यायचा, मळक्या कपड्यांत यायचा, कधी यायचाच नाही. माइल्सनं आत्मचरित्रात लिहिलं आहे की एकदा रागाच्या भरात आपण त्याच्यावर हात टाकला आणि तो मुकाट उभा राहिला. तिथं हजर असलेल्या थेलोनिअस मंक या पियानोवादकानं तेव्हा मध्ये पडून कोल्ट्रेनला आपल्याकडे यायला सांगितलं. १९५७ च्या एप्रिलमध्ये माइल्सनं त्याला काढून टाकलं. वय तिशीचं, घरात बायको आणि मुलगी, आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या बँडमधून हकालपट्टी.

तो फिलाडेल्फियाला आईच्या घरी परतला. तिथल्या एका खोलीत गेला आणि हेरॉइन बंद केलं. जवळजवळ नुसत्या पाण्यावर राहिला. नाईमा आणि आई बाहेर होत्या. व्यसनमुक्तीच्या कामात असलेली माणसं या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येतं, थंडी वाजते, घाम फुटतो, पोटात कालवतं, झोप म्हणून लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला जातं आणि आठवडाभरात हळूहळू ओसरतं. कोल्ट्रेन त्यातून पार पडला.

चित्रपट असता तर इथं ‘समाप्त’ची पाटी आली असती. पण माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते ती इथून. कारण आठवड्याभरात सुटते ती शरीराची ओढ. नवव्या दिवशी सकाळी माणूस उठतो, अंग शांत झालेलं असतं आणि समोर अख्खा दिवस मोकळा पडलेला असतो. पूर्वी तो दिवस भरलेला असायचा. पैसे जमवायचे, माल मिळवायचा, घ्यायचा, लपवायचा, उतरला की पुन्हा पैसे जमवायचे. व्यसन हा चोवीस तासांचा उद्योग असतो. तो एकदम बंद पडला की जे भगदाड पडतं, त्यात बहुतेक माणसं पुन्हा कोसळतात. कोल्ट्रेननं ते भगदाड कशानं भरलं, ते पाहण्यासारखं आहे.

३१ मे १९५७ रोजी, म्हणजे अगदी थोड्या दिवसांत, त्यानं स्वतःच्या नावावरच्या पहिल्या तबकडीचं ध्वनिमुद्रण केलं. आणि तो मंककडे जाऊ लागला. मंक न्यूयॉर्कला एका लहानशा घरात राहायचा. कोल्ट्रेन सकाळी त्याच्या घरी जायचा आणि त्याला झोपेतून उठवायचा. मंक पियानोपाशी बसायचा, आपली एखादी रचना वाजवायचा, कोल्ट्रेन ती सॅक्सोफोनवर शोधायचा. अडला की मंक थांबून दाखवायचा. कधी मंक त्याला तसाच रियाज करत सोडून बाहेर निघून जायचा आणि हा एकटा घोटत बसायचा. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकण्याची जी रीत, तिच्याशी याचं नातं कुणालाही ओळखू येईल.

मंकचीही एक कथा होती. १९५१ साली पोलिसांनी अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याचा क्लबमध्ये वाजवण्याचा परवाना काढून घेतला होता. तो परत मिळाला १९५७ मध्ये. म्हणजे दोन हाकललेली माणसं एकाच वर्षी एकमेकांना भेटली. त्या उन्हाळ्यात ‘फाइव्ह स्पॉट’ नावाच्या लहानशा क्लबमध्ये दोघं वाजवू लागले आणि वर्षाअखेरपर्यंत वाजवत राहिले. मंकला मध्येच पियानो सोडून उठायची आणि स्टेजवर गिरक्या घेत फिरायची सवय होती. तो उठला की कोल्ट्रेनला मागे पियानोचा आधार नसे. नुसत्या ढोल आणि बासच्या जोरावर डोलारा त्यानंच तोलायचा. वर्षभरापूर्वी स्टेजवर पेंगणाऱ्या माणसावर आता कुणीतरी सगळी मैफल सोपवून निर्धास्त फिरत होतं. व्यसनातून उठलेल्या माणसाला सर्वांत दुर्मिळ होतो तो विश्वास, आणि तो इथं त्याला रोज रात्री मिळत होता.

त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरला हे दोघं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवले. त्या मैफलीची टेप पुढं जवळजवळ अर्धशतक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती. २००५ साली ती सापडली आणि प्रसिद्ध झाली. मी ती ऐकली तेव्हा तारखांचा हिशेब मनात घोळत होता. एप्रिलमध्ये हकालपट्टी, नोव्हेंबरमध्ये हे! मला जॅझमधलं फारसं कळत नाही. पण जागा असलेल्या माणसाचा सूर कसा असतो, ते कळायला फार कळावं लागत नाही.

१९५८ च्या आरंभी माइल्सनं त्याला परत बोलावलं. १९५९ मध्ये माइल्सबरोबरची ‘काइंड ऑफ ब्लू’ आली, आणि त्याच वर्षी त्यानं ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केली. त्या तबकडीतल्या एका रचनेला नाईमाचं नाव आहे. रियाज तर असा की दोन कार्यक्रमांच्या मधल्या सुट्टीतही तो आत जाऊन वाजवत बसे. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून फुंकर न घालता नुसती बोटं फिरवी. वाद्य हातात धरूनच झोपी जाई.

कुणी म्हणेल, एक व्यसन गेलं आणि दुसरं लागलं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नाईमाशी त्याचा संसार १९६३ मध्ये मोडला. रात्रंदिवस वाद्यात बुडालेल्या माणसाबरोबर राहणं घरच्यांना सोपं नसतं, हे आपल्याकडच्या कलावंतांच्या बायकाही सांगतील. तरी फरक आहेच. सुई त्याला रोज थोडं लहान करत होती, रियाज रोज थोडं मोठं करत होता.

मग संगीतानंच सगळं केलं का? तर नाही. माइल्सच्या त्याच पंचकडीत आणखी दोघे जण त्याच व्यसनात होते. वाजवत तेही उत्तम होते. सूर त्यांच्याकडेही होता, पण तेवढ्यानं सुई सुटली नाही. उलट सॉनी रोलिन्स या त्याच्याच तोडीच्या सॅक्सोफोनवादकाचं उदाहरण पाहा. तो १९५५ मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाला. १९३५ साली सुरू झालेल्या या संस्थेत इतके जॅझवादक उपचारासाठी येत की तिथं रुग्णांचे बँड असत. पण बाहेर पडल्यावर रोलिन्स लगेच क्लबमध्ये गेला नाही. शिकागोत झाडूपोछ्याची, ओझी उचलण्याची कामं करत राहिला. जुन्या वातावरणात शिरण्याची त्याला धास्ती होती. मन घट्ट झाल्यावरच तो स्टेजवर परतला. म्हणजे कुणाला संगीताच्या जवळ जाऊन बळ मिळालं, तर कुणाला काही काळ त्या मैफलींपासून लांब राहून.

कोल्ट्रेनकडे सुरापलीकडे आणखी काय होतं? दाराबाहेर बसलेली आई आणि बायको होती. सकाळी जायला एक घर आणि तिथं एक गुरू होता. आणि श्रद्धा होती. त्या वर्षी आपल्याला देवाच्या कृपेनं जाग आली, असं त्यानं पुढं स्वतःच लिहून ठेवलं. ते लिहिलं ‘अ लव्ह सुप्रीम’ या तबकडीसोबत. ९ डिसेंबर १९६४ रोजी, एकाच बैठकीत, चार जणांनी मिळून ती मुद्रित केली. तिच्या चौथ्या भागात कोल्ट्रेननं स्वतः रचलेली प्रार्थना आहे. शब्द तो उच्चारत नाही. एकेक शब्द सॅक्सोफोनमधून वाजवत जातो. मला त्या मजकुरातली दुसरी एक गोष्ट जास्त भावते. जाग आल्यानंतरही मधल्या काळात आपण त्या वाटेवरून ढळलो होतो, अशी कबुली त्यात आहे. एकदा सुटलं म्हणजे कायमचं सुटलं, असा टेंभा तो मिरवत नाही.

हे सारं ऐकताना मला आपले माळकरी आठवतात. गावाकडे अमक्यानं माळ घातली म्हटलं, की त्यानं दारू सोडली हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि माळ एकटी येत नाही. तिच्यामागून एकादशी येते, हातात टाळ येतात, भजनी मंडळ येतं, आषाढीची वारी येते. संध्याकाळी पूर्वी जो वेळ गुत्त्यावर जायचा, तो देवळात जातो. एखाद्या दिवशी माणूस आला नाही तर चौकशी करायला चारजण घरी येतात. तिकडे काय आणि इकडे काय, सुराबरोबर नेम आणि सोबत आली की तो माणसाला धरून ठेवतो. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभं करणारे डॉ. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत. सुनंदा अवचट आणि त्यांच्या त्या कामाला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात दिला, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

शास्त्रज्ञही आता याकडे वळले आहेत. आवडतं संगीत ऐकून अंगावर काटा येतो, तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन पाझरतं, असं मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. अमली पदार्थ याच यंत्रणेवर धाड घालतात. उपलब्ध चाचण्यांचा २०२२ मधला कॉक्रेनचा आढावा सांगतो, की नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर नशेची ओढ कमी व्हायला आणि उपचाराची इच्छा वाढायला मदत होऊ शकते. यातला ‘जोड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोल्ट्रेनसारखं खोलीत कोंडून घेणं तर कुणीच करू नये. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. हेरॉइन काही दिवस सोडून पुन्हा जुन्या मापानं घेतलं तर तेच प्राणावर बेततं. आज औषधं आहेत, डॉक्टर आहेत, केंद्रं आहेत. पहिला आठवडा त्यांच्या हाती द्यावा.

शरीर मात्र जुना हिशेब विसरत नाही. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ लागली होती. रविशंकरांकडून त्यानं काही पाठ घेतले, आणि १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. आणखी शिकायचं मनात होतं. ते राहून गेलं. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगानं तो गेला. सुईच्या वर्षांतल्या काविळीचं बीज त्यामागं असावं, असा काही चरित्रकारांचा तर्क आहे. रवी तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. पुढं तोही सॅक्सोफोनवादक झाला.

दहा वर्षं हा काही मोठा काळ नव्हे. पण ती त्याला मिळाली नसती, तर आज त्याचं नाव पार्करच्या मागून गेलेल्या अनेक मुलांच्या यादीत कुठंतरी असतं.

म्हणून त्या आईवडिलांना मी सांगेन, की आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या. मग तबल्याच्या क्लासला जरूर घाला. फक्त क्लास असा बघा, की एखाद्या सकाळी पोरगा आला नाही, तर शिकवणाऱ्याच्या ते ध्यानात येईल आणि तो तुमच्या दाराशी येऊन उभा राहील.